आठवी

अकरा आल्या होत्या, एवढं नक्की.
जकातीच्या जुन्या वहीत अकरा ओळी आहेत:
दोन दारांची, उघड्या टपाची, ठेंगणी गाडी.
नाव मी घेत नाही. नाव घेतलं
की सियागंजात भाव चढतो.

अकरातल्या उरल्या किती?
प्रश्न सोपा दिसतो.
पण गाडी मरते म्हणजे नेमकं काय होतं
हे चौतीस वर्षं विम्याचा सर्व्हेअर होतो
तरी मला सांगता येत नाही.

तुकोगंजातल्या डॉक्टर भागडीकरांचीच बघा.
सांगाडा तिचा, इंजिन अँबॅसिडरचं,
दारं पिथमपुरात ठोकून आणलेली.
ती एक धरायची, की पाऊण?
तिचं मूळ इंजिन देवास रस्त्यावर
उसाचा चरक फिरवतं.
तिथे उभं राहून रस प्यालो, आलं-लिंबू घालून,
आणि कान दिला.
चार सिलिंडरांतले तीनच बोलत होते.
वहीत लिहिलं: पाव.
मग खोडलं.

दुसऱ्या एकीचं स्टिअरिंग
खजुरी बाजारातल्या फोटो स्टुडिओत.
तीन पिढ्यांची पोरं ते धरून बसलीत,
पाठीमागे रंगवलेलं काश्मीर.
ते मोजलं नाही.
मोजायला हवं होतं, असं रात्री वाटतं.

नात शर्वाणी होळकर कॉलेजात संख्याशास्त्र शिकते.
म्हणाली, "आजोबा, तळ्यातले मासे मोजतात तसं करा.
एकदा जाळं टाकायचं, सापडतील त्यांना खूण करून सोडायचं.
पुन्हा टाकायचं.
खुणेचे किती परत येतात ते बघायचं."

पहिलं जाळं, फिदाअलीची उधारीची वही.
सुटे भाग नेणाऱ्या गाड्या सहा.
दुसरं जाळं, जानेवारीतला जुन्या गाड्यांचा मेळावा.
आलेल्या चार.
दोन्हीकडे सापडलेल्या तीन.
साही चोक चोवीस, भागिले तीन.

आठ.

मी डोळ्यांनी पाहिलेल्या सात.
"म्हणजे एक पाण्याखाली आहे,"
शर्वाणी मोबाईलवरून मान न उचलता म्हणाली,
आणि पुढच्या गणिताकडे गेली.

मी नाही गेलो.

अठ्ठ्याहत्तरचा नोव्हेंबर. मानपूरचा घाट.
कठड्याला घासून थांबलेली होशिंगांची गाडी.
डावा दिवा फुटलेला, पत्रा चेपलेला,
पोराचं खांद्याचं हाड मोडलेलं, बाकी पोर धड.
मी किल्ली फिरवली.
पहिल्या फटक्यात सुरू झाली.

मनोरमाबाईंनी मला मागच्या दाराने बोलावलं.
पोह्यांची बशी पुढे केली, वर जिरावन, वर शेव.
म्हणाल्या, "हाड जुळलं की तो परत बसणार तिच्यात.
तुम्ही लिहा, संपली म्हणून."
लाच म्हणाल तर तेवढीच बशी.
दुसऱ्यांदा वाढत होत्या, मी नको म्हटलं.
सव्वीस वर्षांचा होतो, अक्षर चांगलं होतं.
दुरुस्तीपलीकडे, असं लिहिलं, खाली सही.
लोहामंडीत काट्यावर चढवली, तोडली,
असं कागद म्हणतो.
कागदाचं काय, तो माझंच ऐकून म्हणतो.

परवा फिदाअली चहा ओतता ओतता बोलला:
"भिया, महेश्वरकडची एक बाई येते, वर्षाआड.
रोखीने नेते, म्हणून वहीत नाही.
यंदा दिव्याची कडी नेली."

कुठल्या दिव्याची, मी विचारलं.

त्याने मनातल्या मनात गाडीला तोंड करून उभं राहून
हात हलवून पाहिले,
मग डावा वर केला.

महेश्वर नव्वद किलोमीटर.
शर्वाणी म्हणते, जाऊन या, आकडा पक्का होईल.
जाईन. गुडघ्याचं बघून.
तोवर वहीत आठ लिहिलंय,
पेन्सिलीने, जरा फिकट,
जसं तेव्हा लिहायला हवं होतं.