शब्द देणारी

गालाक्सिदीच्या बंदरात, मिठाच्या जुन्या गोदामात
दर ऑगस्टला तेच नाटक.
डाव्या विंगेत, दोरांच्या वेटोळ्याशेजारी माझं स्टूल,
मांडीवर वही, हातात विजेरी.
एकतीस वर्षं मी शब्द देते.

नाटकातला बापही शब्द देतो,
पहिल्याच अंकात, पिता पिता, एका परक्याला.
मग चार अंक सगळं घर धावतं,
तो शब्द खाली पडू नये म्हणून.
भाऊ धावतो. आत्या धावते.
आई तेवढी खिडकीशी, पाठमोरी.

यंदाची मुलगी झाम्बेता, सतरा वर्षांची,
फेरीबोटीवरच्या लाम्ब्रो मेकॅनिकची.
पहिल्या तालमीला वही चाळून म्हणाली,
'आईला चारच ओळी?'
दिग्दर्शक म्हणाला, तेव्हाच्या आयांना तेवढ्याच मिळत.
'माझीलाही,' ती म्हणाली. 'रविवारी. मेलबर्नहून.
जेवलीस का.
थंडी आहे का.
बाबा बरे ना.
ठेवते.'
कोणी हसलं नाही.
आईचं काम करणारी बेकरीवाली फोतिनी
कोरडाच हात पुसत राहिली ॲप्रनला.

तिसरा अंक. बाप गरजतो:
'माझ्या शब्दापुढे तू कोण?'
इथे तिने गुडघे टेकायचे आणि म्हणायचं,
जे आजवर सगळ्याच म्हणत आल्या:
'तुमचीच मुलगी. तुम्ही म्हणाल ते.'

शनिवारी ती म्हणालीच नाही.
मी कुजबुजले, 'तुमचीच मुलगी.'
तिने ऐकलं. मान किंचित माझ्याकडे वळली
आणि परत गेली.
मी पुन्हा, जरा मोठ्याने.
तिसऱ्या रांगेपर्यंत ऐकू गेलं असणार,
एक लाम्ब्रो सोडून.
त्याचा तो कान इंजिनाने कधीच खाल्लाय.
त्याला एवढंच दिसलं, पोर अडली आहे.
उठून उभा राहिला, काळ्या नखांची बोटं पुढच्या खुर्चीच्या पाठीवर,
आणि भर नाटकात म्हणाला,
'नसेल म्हणायचं तर नको म्हणूस गं.'

हसू फुटलं, आणि अर्ध्यातच विझलं.
नाटकातला बाप, म्हणजे पोस्टातला थानासिस,
चिकटवलेली दाढी धरून उभा.
त्याला पुढची ओळ सुचेना,
आणि मी, जिचं कामच ते,
ती दिली नाही.

किती वेळ? दोन श्वास. फार तर तीन.
तेवढ्यात फोतिनी खिडकीपासून वळली.
वहीत तसं काही नाही.
बोलली नाही. नुसती वळली.

मग कोणीतरी खोकलं, भाऊ आला तलवार घेऊन,
आणि नाटक आपल्या उताराला लागलं.
पाचव्या अंकात झाम्बेता मेली, दर वर्षीच्या मुलीसारखी,
पेल्यातलं आंबट चेरीचं सरबत पिऊन.
बापाला तेव्हा सगळं कळलं.
त्याला कळायला नेहमी पाचवा अंकच लागतो.

नंतर खुर्च्या उचलताना लाम्ब्रो माझ्यापाशी आला,
चांगला कान पुढे करून.
'काय म्हणायचं होतं तिने?'
वही माझ्या काखेतच होती.
'विशेष काही नाही,' मी म्हटलं.
'मग बरं,' तो म्हणाला,
आणि चार खुर्च्या एका हाताला लावून निघाला.

झाम्बेता धक्क्यावर बसून फोतिनीचा पाव खात होती,
हनुवटीवर विषाचा लाल ओघळ तसाच.
'उद्या रविवार,' ती म्हणाली,
मला की पाण्याला, कळलं नाही.