दोन टकटक

हत्तीबेटाच्या उतारावर शेळ्या आडव्या आल्या
आणि माझा पाय खाली गेला,
अजून खाली,
नांगरलेल्या रानात जावा तसा.
गाडी थांबली.
म्हणजे थांबायचं तिच्या मनात आलं, आणि मग थांबली.
मागच्या सीटवरला लसींचा डबा पुढं घसरून
माझ्या पाठीला टेकला.
शेवटची शेळी चघळत बघत राहिली,
तिला काहीच घाई नव्हती.

उदगीरला, बिदर रोडवर, मौलाली मिस्त्री.
तीस वर्षं कमानपाटे ठोकून कान गेलेले.
त्याला सांगायचं म्हणजे दाखवायचं.
मी तळहात आडवा धरला, हळूहळू खाली नेला.
"पाय टेका सिस्टर. जोर नको, नुसता ठेवा.
आपोआप बसू लालाय का?"
मी मान हलवली. नाही.
"मग मास्टर शाबूत हाय. आता मारा."
एक, दोन, तीन. चौथ्याला पेडल कडक.
माझ्या चेहऱ्यावरूनच त्याला कळलं.
"हवा," तो म्हणाला,
आणि डबीचं झाकण उघडून
आत बोट बुडवून मला दाखवलं.
उकळून उकळून करपलेला चहा असतो ना, तसलं तेल.

त्याचा पोरगा देवणीला गेलेला, बाजारात वळू बघायला.
म्हणून पेडलवर मी.
पारदर्शक नळी कुठंच सापडेना.
माझ्या पिशवीत तारीख उलटलेला सलाईनचा सेट होता.
तो हसला. मीही.
बुडबुडा म्हणजे काय
हे या गावात आम्हा दोघांनाच एवढं पक्कं ठाऊक असावं.

सगळ्यात लांबचं चाक आधी, मागचं डावं.
मी "धरलंय" म्हटलेलं त्याला ऐकू जायचं नाही,
म्हणून ठरलं:
धरलं की दारावर एक टकटक, सोडलं की दोन.
तो चाकाशी बसायचा, कपाळ पत्र्याला टेकवून,
आणि ते त्याला कपाळातून कळायचं.
टक. पान्याची पाव फेरी. नळीतून काळं, फेसाळ.
पाय जमिनीला. नट बंद.
टकटक.
टक.
किती वेळा, मोजलं नाही. मांडी भरून आली.
बोनेटवर सांडलेल्या तेलावर त्यानं
स्वतःच्या पिण्याचा तांब्या ओतला, "रंग खातंय हे."
एक थेंब राहिलाच. तिथं आता तीळ आहे.

चारी चाकं झाली. बुडबुडे संपले.
पेडल तरी मऊ.
आधीइतकं नाही, पण मऊ.
त्यानं काही पुन्हा खोललं नाही.
बिडी पेटवली, अर्ध्यात विझवली,
आणि रबरी पाइप एकेक करून
दोन बोटांत धरत गेला,
मी धरते तशी, मनगटाशी.
"मारा."
"मारा."
पुढच्या उजव्या चाकाशी त्याची बोटं थांबली.
"हा फुगू लालाय."
मी उतरले, वाकले. आत तो बसला, त्यानं पाय दिला
आणि माझ्या चिमटीत तो पाइप
पट्टा आवळल्यावर शीर यावी तसा वर आला.
तुमचा सगळा जोर, तो म्हणाला, हा एकटाच खाऊन टाकतोय.
चाकाला काय उरणार?

नवा पाइप लातूरहून साडेचारच्या एसटीनं आला,
कंडक्टरच्या पिशवीत, शिळ्या पेपरात.
तोवर दोन चहा, उपकेंद्राचे तीन फोन,
आणि डब्यातल्या बर्फाची माझी काळजी,
जी त्यानं समोरच्या मच्छीवाल्याकडून
फडकं भरून बर्फ आणून मिटवली.

पुन्हा नळी, पुन्हा बाटली, पुन्हा टक.
आणि मग पेडल वरच थांबलं,
इंचभर गेलं आणि
उंबऱ्याला अंगठा लागावा तसं ठाम लागलं.
मी सवयीनं जास्तच जोर लावला होता.

पैसे मोजताना त्यानं सलाईनची नळी धुऊन, गुंडाळी करून
खिळ्याला अडकवली. परत द्यायचं नाव नाही.
निघताना तो तळवा टपावर ठेवून उभा राहिला,
काही बोलेल असं वाटलं.
मी खिडकीतून हात काढला, दारावर वाजवलं,
दोनदा.
त्यानं मान हलवली, तळवा उचलला,
आणि गाडी उताराला लागली.