जोडाक्षराला दीड

अक्षराला चाळीस रुपये ठरले.
जोडाक्षराला दीड.
काना, मात्रा, वेलांटी फुकट.
मेसोपोटेमिया म्हणजे सहा अक्षरं,
डोक्यावर मात्राच मात्रा,
तिथं मी बुडालो.

वर्धनगडाच्या पायथ्याला, जिथं गायरान होतं,
तिथं आता बाग आहे: हिरवळ, कारंजं,
नवा रंग फासलेली एक जुनी तोफ,
आणि माझा दगड, सात फूट, काळा.

सुभेदार गुजाबा शिर्के यादी वाचतात,
मी खडूनं आखून घेतो.
हवालदार. नाईक. शिपाई, शिपाई, शिपाई.
एकतीस झाले.
त्यांनी चष्मा पुसला, म्हणाले,
"आता लिही: व इतर."

"इतर किती?"
"सात. खेचरवाले, पखालवाले, ओझी वाहणारे.
रामोशीवाड्यातले, डोंगराकडचे.
कागदात नावं न्हाईत त्यांची."

मी मोजलं.
व, इ, त, र.
ना काना, ना मात्रा, ना जोडाक्षर.
अख्ख्या दगडावरची सगळ्यात स्वस्त ओळ.
सात माणसं, एकशे साठ रुपये.

दुपारी भाकरी सोडली तर
समोर एक म्हातारी येऊन बसलेली,
सावळाबाई मंडले.
फाटकापाशी एकच उंच झाड उरलंय,
बुंध्यावर पंचायतीनं चुन्यानं लिहिलंय: शिंदी, १४.
ती म्हणाली,
"शिंदी न्हवं ती. खजूर हाय.
बसऱ्याहनं माणूस आला न्हाई,
त्याच्या जोडीदाराच्या खिशातनं बी आली.
माझ्या सासूच्या सासूनं भांड्याच्या पाण्यावर जगवली.
फळ कधी धरलं न्हाई.
नर हाय, त्यो काय करणार."

"नाव काय त्यांचं?"

सासरच्या थोराचं नाव बाई घेत नाही.
तिनं कनवटीची पुडी सोडली,
चिमूटभर भंडारा कपाळाला लावला,
गडाकडं बघितलं,
मग कोर्टात सांगावं तसं सांगितलं:
"चिमा बिन दौलती मंडले."

माझा आजा याच घाटात खडी फोडायचा.
मैलाच्या दगडावर आकडा आहे,
आजा नाही.
हे मी तिला बोललो नाही.
तिच्याकडं निदान झाड होतं.

दिवस मावळेपर्यंत मी एवढंच कोरलं:
व
आणि छिन्नी धुऊन ठेवली.
पुढं हातभर दगड कोरा.

गुजाबा तापले.
पंधरा तारखेला मंत्री येणार, पडदा सरकणार,
"आणि दगडावर नुसतं व? हसतील लोक."

हसू देत, म्हणालो.
कुणी नुसतं "व" म्हणून गप्प बसला
तर आपण निघून जात नाही,
पुढं काय, असं विचारतो.

ते काही बोलले नाहीत.
तोफेच्या चौथऱ्यावर बसले,
गुडघा दुखतो त्यांचा, सरहद्दीवरचा.
कारंज्याची मोटर कुणीतरी बंद केली
तेव्हा एकदम किडे ऐकू यायला लागले.
बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं,

"त्या म्हातारीचं घर कुठलं?
शिंदीच्या मागलं?"

"खजुराच्या," मी म्हणालो.