अंडं नंबर एकोणीस

तुवान फोक्केन्स आला तेव्हा लवंगा वाळत घातल्या होत्या.
चटईवरूनच चालत आला, बुटांसकट.
मागून चार हमाल, डोक्यावर पेट्या,
येताना रिकाम्या.

म्हणाला, तूच ना रुगाया, अंडी काढणारी?
आमची भाषा बोलायचा तो,
पण माशातला काटा चाचपत खावं तशी.

मोमोआ रात्री येतात.
समुद्रापलीकडून, सेरामच्या डोंगरातून,
चांदणं असेल तर जास्त.
वाळूत कोपरभर खड्डा, कधी कमरेइतका,
त्यात एकच अंडं.
बुजवतात, शेजारी दोन खोटे खड्डे उकरतात
आम्हाला चकवायला,
आणि उजाडायच्या आत परत.
मागं वळून बघत नाहीत.
कशाला बघतील? ऊब द्यायला वाळू आहे.

पिल्लाला भरवतं कोण?
कोणी नाही, तुवान.
उडायला शिकवतं कोण?
कोणी नाही.
मग त्याला कळतं कसं, आपण मोमोआ आहोत ते?
हे मला जन्मात सुचलं नव्हतं.
त्या रात्री झोप आली नाही,
त्याचा थोडा रागच आला.

अकरा पक्षी मारले त्यानं.
आतून विषारी साबण, मग कापूस, पायाला चिठ्ठी,
आणि खाटेवर ओळीनं निजवले.
खाटेचे पाय करवंट्यांत, करवंट्यांत पाणी,
मुंग्या चढू नयेत म्हणून.
तो स्वतः जमिनीवर झोपायचा.
अंड्याला भोक पाडून फुंकायचा,
आतलं सगळं माझ्या वाडग्यात.
सागोच्या भाकरीबरोबर आम्ही त्याचं शास्त्र
महिनाभर खाल्लं.

एकोणिसावं मात्र फुंकलं नाही.
वाळूच्या डब्यात पुरून माझ्या चुलीपाशी ठेवलं,
रोजचा एक तांब्याचा पैसा ठरला.
डब्यात हात घालून मी ऊब बघायची,
त्यानं वहीत दिवस मोजायचे.

चाळिसाव्या दिवशी टपालाची होडी आली.
पत्र वाचून तो किनाऱ्यावर जाऊन बसला.
अंधार पडल्यावर, कुणी विचारलं नसताना म्हणाला,
मुलगी झाली.
कधी?
बोटं मोजली. चौदा महिने झाले.
नाव काय ठेवलं?
त्याला पत्र पुन्हा उघडावं लागलं.

मग कितव्या दिवशी ते वहीला ठाऊक,
पहाटे डब्यातली वाळू हलली.
आधी एक पाय आला,
थोराड, म्हाताऱ्याच्या पंजासारखा.
मग डोकं, पापण्यांवर वाळू.
त्यानं तुवानकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं,
दोघांतलं कुणीच त्याचं नव्हतं.

कापूस तयार होता.
चिठ्ठी आदल्या आठवड्यातच लिहून ठेवलेली.
दार उघडं.
मी लावायला उठले नाही.
तोही लाव म्हणाला नाही.

उंबऱ्यावर जरासं थांबलं,
आणि उडालं. वाकडंतिकडं, चुलीच्या धुरातून,
थेट कनारीच्या झाडात.

त्या दिवशीचं त्यानं काय लिहिलं, मला सांगता येणार नाही.
मला फक्त कुराणाची अक्षरं ओळखता येतात.
एरवी तो पुटपुटत लिहायचा,
त्या दिवशी नुसता टाक बुडवत राहिला.

पावसाळी वारा सुटायच्या आत गेला. पेट्या जड.
चिठ्ठी इथंच राहिली.
लवंगांच्या डब्याला बांधलीय मी.
व्यापारी विचारतात, एकोणीस म्हणजे काय, भाव?
मी म्हणते, तो डबा विकायचा नाही.