करंजपाडा

दोन महानगरपालिकांच्या नकाशांवर
दोन वेगळ्या पेन्सिलींनी रेघा ओढल्या,
आणि मधे जी फट राहिली
तिच्यात आमची सतरा घरं.

गटार तुंबलं की ठाणे म्हणायचं, ऐरोलीला विचारा.
ऐरोली म्हणायची, हद्द कळव्याची.
खांबावरचा दिवा जाऊन चार वर्षं झाली
तेव्हा अर्जांचा गठ्ठा एवढा जाड झाला
की हसुरामकाका दुपारी तोच उशाला घ्यायचे.

हसुराम धाया मढवी,
जकात नाक्यावरचे निवृत्त कारकून.
नाका उठला तेव्हा टेबलं मोजली, पंखे मोजले,
शिक्का मोजायचा राहिला.
लाकडी मुठीचा: ‘तपासले, जाऊ द्या’.

मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी,
वशाट नाही म्हणून सगळा पाडा चिडलेला असताना,
ते करंजाखाली उभे राहून बोलले,
“आपन कोनाचंच नाय,
मंग आपन आपलंच.”
तिघांनी टाळ्या वाजवल्या. चौथा डास मारत होता.
असा देश झाला.

झेंड्यासाठी पदूबाईने
लग्नातल्या हिरव्या लुगड्याचा पदर फाडून दिला, जरीसकट.
आरमार म्हणजे गोमाची होडी, भरती असेल तर.
घटनेच्या पहिल्याच कलमाला, दारूबंदीला, मारामारी झाली,
म्हणून ते कोरं ठेवून दुसरं लिहिलं:
ज्याच्या घरी निवट्या शिजतील
त्याने शेजारी वाटी पाठवावी.
तिसरं कुणाला सुचलं नाही.

मी नऊ वर्षांची. सीमा सुरक्षा दल मी एकटी.
जलवाहिनीच्या कडेला सुंभाची दोरी धरून
येणाऱ्याला विचारायचे, देश कोणता?
दूधवाला म्हणाला, जौनपूर.
सिलिंडरवाला म्हणाला, हट गं.
दिघ्याची आत्या जवळा घेऊन आली
तर काकांनी तिच्या तळहातावर शिक्का मारला,
आणि ती संध्याकाळपर्यंत
डावा हात पाण्यात घालेना.

खाडीत रोहित पक्षी उतरले होते त्या वर्षी,
हजारांनी, न विचारता.
त्यांना अडवायचं का, मी काकांना विचारलं.
ते बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, नको.

मग पदूबाई गेली.
देशाला आरमार होतं, स्मशान नव्हतं.

ठाण्याच्या हद्दीत, खिडकीशी,
माणसाने मान वर न करता विचारलं, मयताचा पत्ता?
काका बोललेच नाहीत.
सतरा घरांची माणसं त्यांच्या पाठीमागे,
गोमाच्या काखेत घडी केलेला झेंडा.
काकांनी खिशातून शिक्का काढला,
त्याच्यावर हा करून तोंडाची वाफ दिली
आणि अर्जाच्या कोपऱ्यात दाबला.
माणसाने वाचलं. चष्मा काढून पुन्हा वाचलं.
पत्त्याच्या रकान्यात स्वतःच्या हाताने ‘कळवा’ लिहिलं,
आणि म्हणाला, लाकडं त्या बाजूला.

पदर तिचा तिला पांघरला.
जर जळायला वेळ लागतो, हे मला तेव्हा कळलं.

पुढे निवडणुकीत दोन्हीकडून दिवे आले,
एका खांबाशेजारी दुसरा. आता पाड्यात रात्रच होत नाही.

मी घणसोलीत राहते, तेविसाव्या मजल्यावर.
फाटकाला लाल-पांढरा दांडा आहे,
गणवेशातली माणसं, आमची स्वतःची घटना
(ओले कपडे बाल्कनीबाहेर नकोत),
आणि आलेल्या प्रत्येकाचा फोटो काढणारं यंत्र.

काल दुपारी खालून फोन आला.
मॅडम, एक आजोबा आलेत, हातात वाटी आहे, झाकलेली.
गाव विचारलं तर यादीत सापडत नाही.
बाजूला थांबा म्हटलं, तर थांबलेत,
पण सारखा डावा तळहात पुढे करतायत.
काय हवंय त्यांना?