सोळावं

पोस्टातून सकाळी सहाला फोन आला:
तुमचं खोकं ओरडतंय, घेऊन जा.
एप्रिल. व्हिरोक्वात रस्त्याकडेला अजून मळकट बर्फ.
गाडीचा हीटर लावून, खोकं मांडीवर घेऊन
रेणूने भोकांतून मोजली.
मागवली होती पंधरा, निघाली सोळा.

पंधरांची नावं यादीत होती, जातीसकट.
सोळाव्यापुढे हॅचरीने लिहिलं होतं:
भेट. ओळखा पाहू.

राखाडी. गालांना कल्ले,
पायांवर लव, आणि बोटं पाच.
कोंबडीला चार असतात एवढं मलाही माहीत होतं,
म्हणून दिव्याखाली धरून परत मोजली.
पाचवं वर वळलेलं,
कप उचलताना कुणाची करंगळी वळते तसं.

शेजारच्या आर्डिस टॉलेफसनबाई आल्या,
सत्तर वर्षं कोंबड्यांत गेलेली, चष्मा दोरीला.
कल्ले फॅवरोलचे, म्हणाल्या, पण रंग तो नाही.
बोटं सिल्कीची, पण मग कातडी काळी हवी.
पंख ताणून पाहिला, शेपटीखाली फुंकर घातली,
शेवटी लग्नाची अंगठी काढून दोऱ्याला बांधली
आणि पिलावर धरली.
गोल फिरली तर ती, सरळ झुलली तर तो.
अंगठी आधी गोल फिरली, मग थांबली, मग सरळ.
आर्डिसबाईंनी दोऱ्याला दोष दिला.

जात कोणती?
दाण्याच्या दुकानात, फोनवर, कुंपणावरून
मी हे किती सहज विचारत होते.
कोरेगावच्या शाळेत माझ्या फॉर्मवरचा हा रकाना
वडिलांनी कोरा ठेवला होता.
गुरुजींनी चष्मा पुसला, आडनाव वाचलं
आणि लाल शाईने स्वतःच भरला.

गावाचा नियम असा: कोंबड्या ठेवा, कोंबडा नको.
म्हणून येणारा जाणारा म्हणे, मुलगी असू दे.
माझ्या पाठीवर दोन बहिणी आल्या,
तेव्हा हे वाक्य कुणी उच्चारल्याचं आठवत नाही.

आर्डिसबाई 'शी' म्हणत, दुकानातला पोरगा 'ही'.
त्याच्या 'ही'चा अर्थ तो,
आमच्या घरात ऐकू येई ती.
आणि 'शी' म्हटलं की रेणू नाक मुरडून हसायची.
मराठीत आमची सोय होती. पिल्लू: ते.
ते जेवलं, ते झोपलं, ते माझ्या चपलेत बसलं.
नपुंसकलिंगाच्या पंखाखाली
ते जूनपर्यंत मजेत वाढलं.

तुरा लालसर व्हायला लागला
तेव्हा आम्ही तुऱ्याकडे बघायचंच सोडलं.
रात्री गॅरेजात, कपड्यांच्या टोपलीखाली,
वर आईने शिवलेली गोधडी.
म्हण मला पाठ आहे, कुणी सांगू नका.
आणि म्हणीतही ते कोंबडंच आहे, बघा,
ना तो, ना ती,
झाकलेलं आहे तोवर.

जूनच्या एकवीस तारखेला, पावणेपाचला,
अडकलेला ड्रॉवर हिसका देऊन ओढावा
तसा आवाज आला.
ते ओरडलं.
परत एकदा, जरा लांब, शेवटी चिरकलेलं.
नाही.
तो आरवला.

रेणू जिन्यात अनवाणी, दोन्ही हात तोंडावर.
मक्याच्या कोठारामागे तांबडं.
समोरच्या घरात दिवा लागला
आणि व्हर्नन केलस्टाड गाऊन घालून बाहेर आले,
कचऱ्याचा डबा ओढत रस्त्यापर्यंत.
कचऱ्याची गाडी गुरुवारी येते. आज मंगळवार.
त्यांनी गॅरेजकडे बघितलं, मग माझ्याकडे.
गोधडीखालून तिसऱ्यांदा.

दार फार करकरतं तुमचं, म्हणाले.
तेल घाला जरा.