निळं पिंप

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आमचं रंगखातं.
दाराशी एक निळं पिंप, दोनशे लिटरचं.
त्यावर पांढऱ्या ऑइलपेंटनं मीच लिहिलंय:
हे पाणी चहाला घेऊ नये, हात धुऊ नये, कुणाला देऊ नये.
खाली तेच तेलुगूत, सत्तय्या बोद्धूलनं लिहिलेलं.
त्याचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं.

नवा पोरगा विचारतो, एवढं काय पाण्याचं?
इरेश नाव त्याचं, वळसंगहून सायकलीवर येतो.
मी त्याला कॉस्टिकचं पोतं दाखवतो,
पांढऱ्या पापुद्र्यांचं, कुरडया वाळत घातल्यासारखं.
बोटाला लागलं तर बुळबुळीत लागेल, सांगतो,
साबणासारखं.
तो हसतो.
तो साबण तुझ्याच कातडीचा होत असतो बे.
मग हसत नाही.

आधी टाकीत पाणी, मग कॉस्टिक, मूठमूठ.
उलटं केलंस तर पाणी उकळून तोंडावर येतं.
चष्मा कपाळावर ठेवायला दिलेला नाही.
हायड्रोसच्या डब्याला मात्र ओला हात नाही,
ओल लागली की तो आतल्या आत तापतो,
धूर आला की पळायचं, शूरपणा नाही.
हे एकच खातं, जिथं एका डब्याला पाण्याची भीती
आणि दुसऱ्यासाठी पाणी भरून ठेवायचं.

एवढं सांगतो. पुढचं सांगत नाही.

त्या वेळी पिंपावर काही लिहिलेलं नव्हतं.
नळाला पाणी येऊन पाच दिवस झाले होते,
घरी बहिणीचे सासरचे लोक आलेले,
आणि मी आदल्या संध्याकाळी
दोन कॅन भरून स्कूटरवर लादले.
सकाळी भरू की, म्हटलं.
सकाळी टँकर आला नाही.

साडेदहाला सत्तय्या ओरडला.
बावीस वर्षं माझ्याशी मराठीत बोलणारा माणूस
मराठी विसरला.
नीळ्ळु, म्हणाला. नीळ्ळु, नीळ्ळु.
मला तेलुगूचे नऊ-दहा शब्द येतात,
त्यातला हा एक होता.

डोळा उघडा धरायचा, नाकाच्या बाजूनं बाहेर ओतायचं,
पंधरा मिनिटं, कमी नाही, तक्त्यावर लिहिलंय.
मी मगानं ओतत होतो आणि मोजत होतो.
सहाव्या मिनिटाला मग तळाला लागला.
तो आवाज.
प्लास्टिकवर प्लास्टिक.

शिलाईखात्यातून राजव्वा आली, शाहीनबी आली,
म्हेत्रेबाई आल्या, टॉवेलाच्या काठाला सुई तशीच सोडून.
हातात आपापल्या पाण्याच्या बाटल्या,
एकीची पोराची शाळेतली, झाकणावर कार्टून असलेली.
एक संपली की दुसरी पुढं.
कुणी काही विचारलं नाही.
पंधरा झाली, वीस झाली, रिक्षा आली,
रिक्षातही शाहीनबी ओतत बसली, बुरखा कोपरापर्यंत भिजलेला.
त्या दिवशी बायका तहानेल्याच घरी गेल्या.

डॉक्टर म्हणाले, पाणी थांबलं नाही म्हणून डोळा राहिला.
मी भिंतीकडं बघत होतो.

मालकाला मी दोन कॅनचं सांगितलं.
सत्तय्याला सांगायला चार महिने लागले.
तो ऐकून बराच वेळ गप्प बसला,
मग म्हणाला, पाहुणे जेवले का नीट?
यात माफी होती की नव्हती, मला अजून कळलेलं नाही.

आता रोज सकाळी कालचं पाणी कडुनिंबाला,
आणि ताजं पिंपात, काठोकाठ.
गावाला पाणी नसेल त्या दिवशीही.
लोक म्हणतात, उधळपट्टी चाललीय.

सत्तय्याचा डावा डोळा धुक्यातून बघतो.
शेड जुळवताना तो मान तिरकी करून उजव्यानं बघतो,
मरून आणि काळपट मरून त्याला अजून वेगळे दिसतात.
कामावर येताना पिंपावर एक टिचकी मारतो.
भरलेलं पिंप बद्द वाजतं.
तेवढं ऐकतो,
मग हातमोजे घालतो.